म्हसोबाची खिंड आणि ओव्याचं पाणी

शब्बीरला मोटार हाकता येते, याबद्दल वेल्ह्याच्या उतारूंच्या मनात काडीचाही संशय नव्हता. त्यांची तक्रार वेगळीच होती. हा गडी पीत नव्हता. आणि न पिणाऱ्याच्या हातात आपला जीव द्यायला माणसं काय रस्त्यावर पडली होती?

हसू नका. आधी सगळं ऐका, मग पोटभर हसा.

भोरच्या सावळाराम शेटची एक सर्व्हिस मोटार होती. दसऱ्याला रस्ता वाळला की ती छपरातून बाहेर निघायची आणि मिरगाच्या आत परत छपरात जायची. सकाळी वेल्ह्याहून भोर, सांजचं भोरहून वेल्हं, रोजचा एवढाच धंदा. वाटेत डोंगराची एक सोंड आडवी येते. तिथं एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधोमध असलं वळण की बसणाऱ्याचं धोतर सैल व्हावं. वळणाच्या अलीकडं शेंदरी म्हसोबा बसलेला, म्हणून ती म्हसोबाची खिंड.

सात हंगाम ही मोटार चिमाजीनं हाकली. चिमाजी मोठ्या मिशांचा आणि मोठ्या आवाजाचा. खिंड आली की तो गाडी थांबवायचा, गादीखालची बाटली काढायचा, म्हसोबाच्या पायावर एक धार धरायचा आणि उरलेली एका दमात घशात ओतायचा. मग मिशा पुसून "म्हसोबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी ठोकायचा आणि गाडी वळणावर घालायचा. मागं बसलेले सगळे डोळे गच्च मिटून घ्यायचे. उघडले की खिंड मागं पडलेली असायची. सात हंगामांत कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

झालं! त्यावरून लोकांनी काय ताडलं, तर ही सगळी बाटलीची करामत. तुपाचे डबे घेऊन दर बाजारी भोरला जाणारा सोनबा तर हे शाळामास्तरासारखं समजावून सांगायचा.

"हे बगा, न पिल्याला दरी दिसती. दिसली की भ्या वाटतं. भ्या वाटलं की हात कापतो. पिल्याला दरीच दिसत न्हाई, मग हात कापंल कशाला?"

यावर मोटारभर माना डोलायच्या.

त्या साली दसऱ्याला चिमाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि शेटनी चाक शब्बीरच्या हाती दिलं. शब्बीर भोरचाच. बाप लहानपणी गेलेला, आई बानोनं दुसऱ्यांच्या घरची दळणं दळून वाढवलेला. पुण्याला एका गॅरेजात चार वर्षं काळं तेल अंगाला फासून तो मोटार शिकून आला होता. दारूचं म्हणाल तर त्याला ती धर्मानं मना होती, आईनं मना होती, आणि गॅरेजात प्यालेल्या डायव्हरांच्या मोडक्या मोटारी ओढून आणून आणून त्याला स्वतःलाच तिचा वीट आला होता.

आणि त्याच दसऱ्याला त्याचं लग्न ठरत आलं होतं. भोरच्या पेठेत रफीकचाचाचं गाद्या भरायचं दुकान. त्यांची मुलगी मलिका. शब्बीरनं तिला एकदाच बघितली होती, दुकानाच्या दारात कापसाची पिसं अंगावरून झाडताना, आणि तेव्हापासून त्याला कापूस दिसला तरी छातीत धडधडायचं. चाचांच्या अटी दोनच. पोराची नोकरी कायम पाहिजे, आणि पोराला व्यसन नको.

"दोनी हायत," बानो ठसक्यात म्हणाली होती.

पहिल्याच बाजारच्या दिवशी यातल्या एकीला सुरुंग लागला.

मोटार खच्चून भरली होती. शब्बीरनं खिंडीशी गाडी उभी केली, खाली उतरला, म्हसोबापुढं नारळ फोडला, तेल वाहिलं, हात जोडले आणि परत चाकामागं येऊन बसला. मागनं आवाज आला.

"आन घ्यायची राह्यली की रं."

आवाज ठकुबाईचा. ठकुबाई वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवरून कोंबड्या गोळा करून भोरच्या बाजारात विकायची. तिच्या मांडीवर कोंबड्यांची पाटी आणि तोंडात सगळ्या मोटारीचा कारभार.

"मी घेत न्हाई, मावशे," शब्बीर म्हणाला.

"आज न्हाई का?"

"कदीच न्हाई."

ठकुबाईनं पाटी डोक्यावर घेतली, म्हणाली, "उतरा गं बायांनो, पायी गेलेलं बरं," आणि बघता बघता गाडी रिकामी! एकटा शब्बीर मोटार घेऊन खिंड ओलांडून गेला आणि पलीकडं तासभर उतारूंची वाट बघत बसला. परतताना तेच. दुसऱ्या बाजारी तर निम्मी माणसं बैलगाड्यांनी गेली.

सावळाराम शेट स्वतः दारूच्या वाऱ्याला उभे राहत नसत. पण शेट म्हणजे शेट.

"तू पीत न्हाईस, लई चांगलं. माझा मुलगा असतास तर पाठ थोपटली असती. पर उतारू म्हणत्यात प्यालेला पाहिजे, तर मी काय करू? आठ दिवस देतो. गाडी भरून आली पाहिजे, न्हाईतर मला दुसरा बघावा लागंल."

शब्बीर घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसला. पिलं तर चाचा मुलगी देणार नाहीत. नाही पिलं तर नोकरी जाणार, आणि मग तर नाहीच देणार. बानोनं सगळं ऐकून घेतलं, चुलीवर पातेलं चढवलं, आणि त्यात मूठभर ओवा टाकला.

"काय करतीस?"

"त्यास्नी तू पिलेला बगायचाय ना? मग पी की."

ओवा, हिंग, आणि शिळ्या पेजेचं आंबट पाणी. उकळून, गाळून, थंड करून बाटलीत भरलं. शब्बीरनं एक घोट घेतला मात्र, त्याचे डोळे पांढरे झाले, मान वाकडी झाली, आणि तोंडातून "हाऽऽ" असा आवाज निघाला.

"ह्येच!" बानो टाळी देऊन म्हणाली. "असंच तोंड कर."

"आन म्हसोबाला बी ह्येच देऊ?"

बानोनं कानाला हात लावला. "देवाला खोटं द्यायचं न्हाई. कुणाचाबी देव असू दे. त्याला त्याची खरी आण."

म्हणून जन्मात पहिल्यांदा शब्बीर भोरच्या गुत्त्यात गेला आणि म्हसोबापुरती छटाकभर बाटली घेऊन, अंग चोरून, मागल्या आळीनं बाहेर पडला. तेवढ्यात कोण बघतंय? पण भोरात बघायला कुणी लागतच नाही, भिंती बघतात.

पुढच्या बाजारी खिंडीत शब्बीरनं लहान बाटली म्हसोबाच्या पायावर रिकामी केली आणि मोठी स्वतःच्या तोंडाला लावली. डोळे पांढरे, मान वाकडी, हाऽऽ! ठकुबाईनं नाकाला पदर लावला. कसली जहाल होती ती!

"कुठली रं ही?" सोनबानं जिभल्या चाटत विचारलं.

"घरची हाय. आईनं केलीया."

"आन देवाची येगळी?"

"देवाची येगळी, माजी येगळी."

उतारूंना गहिवरून आलं. चिमाजी देवाला न् स्वतःला एकाच बाटलीतली घ्यायचा. हा पोरगा उष्टंसुद्धा करत नाही! गाडी वळणावर गेली, सगळ्यांनी डोळे मिटले, उघडले, खिंड मागं. सोनबानं शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. "बगितलं? हात कसा दगडावानी!"

मोटार आता टपावरसुद्धा भरून जायला लागली. शेटनी शब्बीरला नवा सदरा शिवून दिला. शब्बीरचं पोट आयुष्यात कधी नव्हतं इतकं साफ राहू लागलं. आणि चार महिन्यांत त्याची कीर्ती पंचक्रोशीत झाली, की वेल्ह्याच्या मोटारीवरचा डायव्हर चिमाजीच्या वरताण पितो, आणि त्याची आई घरात भट्टी लावते.

ही कीर्ती रफीकचाचाच्या दुकानात पोचायला कितीसा वेळ? कुणीतरी गुत्त्याचंही सांगितलं. चाचांनी बानोकडं निरोप धाडला, "जरा इचार करावा लागंल."

बानो भडकली ती भडकलीच. "मी भट्टी लावती? जिनं शेजारणीकडची ताडीची हंडी कदी घरात ठिवून घेतली न्हाई, ती मी?" असं म्हणत ती उठली आणि चाचांकडं निघाली, पण उंबऱ्यात थांबली. खरं सांगितलं तर गावात फुटणार. गावात फुटलं तर उतारू उतरणार. ती परत येऊन शब्बीरशेजारी भिंतीकडं तोंड करून बसली.

रफीकचाचा माणूस सरळ. ऐकीव गोष्टीवर मुलीचं लग्न मोडायचं नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, असं त्यांनी ठरवलं. वेल्ह्याला मेहुणीकडं जायचं निमित्त काढलं, मलिकेला घेतलं, जाताना ओळखीच्या बैलगाडीनं गेले आणि येताना मुद्दाम बाजारच्या दिवशी मोटारीत येऊन बसले. ते पुढं, शब्बीरच्या शेजारी. मलिका मागं, डोक्यावरून ओढणी घेऊन ठकुबाईच्या बाजूला.

शब्बीरच्या तोंडचं पाणी पळालं. हँडल मारताना त्याच्या हाताला असं काही कापरं भरलं, की सोनबा मागनं म्हणाला, "बगा, अजून घेतली न्हाई ना, म्हणून."

वाटेत एका फाट्यावर चिमाजी काठी टेकत उभा होता. भोरला डोळ्याचं औषध आणायला निघाला होता. त्याला बघून सगळी मोटार आनंदली. जुना वस्ताद नव्या वस्तादाच्या गाडीत! त्याला हाताला धरून चढवला.

आणि खिंड आली.

शब्बीरनं गाडी थांबवली. लहान बाटली म्हसोबाच्या पायावर रिकामी केली, हात जोडले, आणि मनापासून म्हणाला, 'देवा, आता तूच बघ.' परत येऊन चाकामागं बसला. गादीखाली हात घातला आणि तसाच ठेवला.

"घे की बाबा," ठकुबाई म्हणाली. "आज लाजतुयास का नव्या नवरीवानी?"

रफीकचाचा एकटक त्याच्याकडं बघत होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, खंत होती, आणि तीच शब्बीरला सोसवेना. मागं वळून बघायची हिंमत नव्हती, पण ओढणीआडून दोन डोळे मानेला चटका देत होते.

त्यानं बाटली बाहेर काढली आणि सरळ चाचांच्या हातात दिली.

"चाचा, ही दारू न्हाई. चाखून बगा."

चाचांनी बूच काढलं, वास घेतला, आणि बाटली हातभर लांब धरली. "तोबा! असला वास दारूचा न्हाई तर कशाचा? मी जिभंला लावणार न्हाई."

आता आली का पंचाईत! चाखायची ती ज्याला दारू कळते त्यानं, आणि ज्याला कळते त्याचं चाचा मानणार कसं? पण मोटारीतली सगळी तोंडं आपोआप चिमाजीकडं वळली. चिमाजीनं हात पुढं केला, चार महिन्यांचा उपाशी असल्यासारखा चांगला मोठा घोट घेतला, आणि फर्रकन खिडकीबाहेर थुंकला.

"आरं ह्यो ओव्याचा काढा हाय! पोट दुकल्यावर माजी म्हातारी देती त्यो!"

ठकुबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बया! म्हंजी चार म्हैनं आमी शुद्धीवरच्या मानसाच्या गाडीत बसत हुतो?"

"मावशे, चार म्हैनं सुखरूप आणलं का न्हाई?" शब्बीर काकुळतीला आला.

"आणलंस! पर आमाला ठावं नव्हतं म्हणून आलो!"

आणि उतराउतरी सुरू. एक बाई तर मागच्या चार महिन्यांच्या भीतीनं आत्ता घाबरून रस्त्यातच खाली बसली. रफीकचाचाही उतरले. पोरगा निर्व्यसनी निघाला म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला होता, पण सोनबाचं ते दरी दिसण्याचं शास्त्र त्यांनी वाटेत ऐकलं होतं, आणि खाली डोकावून बघितल्यावर ते त्यांना पटायला लागलं होतं.

"थांबा," चिमाजी म्हणाला. मोठा आवाज आज बारीक झाला होता. "सात हंगाम मला हितं काय दिसत हुतं, ते इचारा."

"काय दिसत हुतं?"

"दोन खिंडी. दोन कडं, दोन दऱ्या. खरं कुठलं, काय कळायचं न्हाई. मग पैल्याच साली ठरवलं, बगायचंच न्हाई. डोळं मिटायचो, मनात सातापत्तुर आकडं म्हणायचो, चाक फिरवायचो, आन डोळं उगडायचो."



"मग पीत का हुतास रं मुडद्या?" ठकुबाई ओरडली.

"भ्या वाटायचं म्हणून. पैल्याच दिशी गाडी सोडून पळालो असतो. पर तुमी समदी मागं बसला हुता, माज्या भरवशावर. तुमास्नी काय सांगू?" असं म्हणून त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

ठकुबाई विचारात पडली. "तू बी डोळं मिटायचास. आमी बी मिटायचो. मग बगत कोण हुतं?"

सगळ्यांनी हळूच म्हसोबाकडं बघितलं. म्हसोबा शेंदरात बसून होता.

आता तरी माणसं शहाणी व्हावीत ना? छे! सोनबा विजयानं पुढं आला. "तरी मी म्हणत हुतो! डायवर पिलेला असला की देव चाक धरतो. ह्यो शुद्धीत बसल्यावर देव कशाला हात लावंल?" आणि धा-पाच मुंड्या हलल्यासुद्धा.

शब्बीर चाकावर हात टाकून बसून राहिला. संपलं. आज शेटना कळणार, उद्या नवा डायव्हर येणार, बाटलीवाला. त्याला नोकरीपेक्षा त्या दारातल्या कापसाच्या पिसांची आठवण झाली.

"मलिका, उतर," चाचा खालून म्हणाले.

मलिका बसून होती.

"उतर म्हणतो ना."

"अब्बा," ती ओढणीआडून म्हणाली, हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं, "जल्मभर ह्यांच्या गाडीत बसवायला निगालाय तुमी मला. मग एक खिंड न्हाई व्हय?"

चाचांनी तिला उतरवायला हात पुढं केला.

"डोळं उगडं ठिवून हाकत्यात ना? मग मी बसलीया. हाका."

"मी बी," चिमाजी म्हणाला. काठीनं चाचपत तो पुढं आला आणि चाचांच्या रिकाम्या जागेवर बसला. "सात वर्सं हितनं गेलो, पर ही खिंड कशी हाय ती म्या बगितली न्हाई. आता तर दिसतच न्हाई. तू सांगत चल, पोरा."

शब्बीरनं गाडी चालू केली. हात कापत नव्हता. दरी दिसत होती, चांगली खालपर्यंत दिसत होती, आणि म्हणूनच तो सावकाश जात होता.

"डाव्या अंगाला कडा हाय, चिमाजीदादा. त्यात करवंदीची जाळी हाय. फुलावर आलीया."

"व्हय? हितं करवंदी हायती?"

"आन दरीत खाली वढा हाय. एक बाई धुणं धुतीया. वर बगून हात करती."

"सात वर्सं हात करत आसंल का रं?"

"आसंल की."

चिमाजीनं दरीकडं तोंड करून, अंदाजानं, हात हलवला.

इकडं मागं ठकुबाईच्या एकाएकी ध्यानात आलं, की घाईत आपण उतरलो खऱ्या, पण कोंबड्यांची पाटी गाडीतच राहिली. मग काय! "माज्या कोंबड्याऽ!" करत ती पुढं, तिच्यामागं "माजी पोरगीऽ!" करत रफीकचाचा, आणि त्यांच्यामागं सगळा बाजार, अशी वरात खिंडीतनं पळत निघाली. पलीकडं मोटार सावलीला उभी होती. ठकुबाईनं धापा टाकत पाटीवरचं फडकं सारलं, आत हात घातला, आणि तिचा हात आतच थांबला.

तिनं बाहेर काढलं ते अंडं होतं. आत्ता घातलेलं, अख्खं.

ठकुबाईनं ते उन्हात धरलं, उलटंपालटं केलं. मोटारीचं बाकीच्यांना काही कळत असेल, पण कोंबडीचं ठकुबाईला कळत होतं.

"चिमाजीच्या येळला गिऱ्हाइकं भांडाया यायची. तुजी कोंबडी आठ-आठ दिस अंडं घालीत न्हाई म्हणायची. मी म्हणायची, भोरचं पाणी मानवत न्हाई. ह्या साली कोण भांडाया आलं न्हाई, तवा म्हटलं, दाणा चांगला मिळाला." ती शब्बीरकडं वळली. "भ्यालेली कोंबडी अंडं घालीत न्हाई रं. ही तर खिंडीत बसून घालून मोकळी झाली."

सोनबानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "तू गप," ठकुबाई म्हणाली, आणि अंडं तिनं रफीकचाचाच्या हातात ठेवलं.

चाचा ते कोमट अंडं तळहातावर घेऊन उभे राहिले. एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा गाडीत बसलेल्या मलिकेकडं, आणि मग शब्बीरकडं.

"आईला म्हणावं, येत्या जुम्म्याला घरी या. तारीख काढू." मग त्यांनी पोटावर हात दाबला. "आन ती बाटली आण हिकडं. पळून पळून पोटात गोळा आलाय."

शब्बीरनं बाटली दिली. चाचांनी भर रस्त्यात, सगळ्या बाजारासमोर, ती तोंडाला लावली. डोळे पांढरे झाले, मान वाकडी झाली, आणि हाऽऽ असा आवाज खिंडीत घुमला.

ठकुबाईनं पाटी उचलून गाडीत ठेवली आणि आधी आपली जागा धरली.

"चला, बसा गं समदी. घेतली एकदाची कुणीतरी," ती म्हणाली. "चाचा, सांजच्याला माघारी बी तुमी चलाच. तुमी घ्या, ह्यो हाकंल."